नकाशातला पांढरा वॉर्ड

शहराचा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा आकडेवारी विभागातल्या सगळ्यांना आधी आपापलं घर शोधायची घाई झाली. माणसाचं असंच असतं. मरणाचा नकाशा जरी पुढ्यात टाकला, तरी तो पहिल्यांदा स्वतःचा पत्ता बघणार. शिपायानं बोट ठेवून आपली गल्ली शोधली, टंकलेखिकेनं सासर आणि माहेर दोन्ही शोधलं, आणि दोघंही आपापला रंग फिकट निघाला म्हणून खुशीत चहाला गेले. मधलीनं तेवढं शोधलं नाही. तिचं माहेर पुलापलीकडच्या वॉर्डात होतं, आणि तो वॉर्ड अख्खा पांढरा होता, हे रंग भरतानाच तिला दिसलं होतं.

मधली म्हणजे तिघी बहिणींतली मधली. ऑफिसात तिला खरं तर आडनावानं हाक मारायला हवी. पण थोरल्या बहिणीनं एकदा ऑफिसच्या फोनवर "आमच्या मधलीला द्या जरा" असं ठणकावलं, आणि त्या दिवसापासून आडनाव जे मागे पडलं ते पडलंच.

नकाशा एकाच आजाराच्या मृत्यूंचा होता. मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी यात एकेक करून मरतात. सुरुवात कुठूनही होते. कुणाच्या हातातून पेन निसटतं, कुणाचा पाय पायरीला अडखळतो, कुणाची जीभ जड होते आणि लोक म्हणतात, हल्ली घ्यायला लागलाय वाटतं. मग हळूहळू बाकीचंही जातं. बहुतेकांचं डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. सरतेशेवटी श्वासाचे स्नायू थकतात. सारा दोनचार वर्षांचा मामला. बरं करणारं औषध नाही. पण झोपेत श्वासाला हातभार लावणारं एक छोटं यंत्र मिळतं, त्यानं दिवस वाढतात, आणि मुख्य म्हणजे ते गुदमरत काढावे लागत नाहीत.

अशी यंत्रं आरोग्य खात्यानं घेतली होती. ती घरी वापरायला द्यायची, नर्सनं घरोघर जाऊन तपासायची, त्यासाठी तीन केंद्रं काढायची होती. कुठल्या वॉर्डांत, ते नकाशा सांगणार होता. ज्या वॉर्डात मृत्यू जास्त, तिथे केंद्र. केंद्राचा वॉर्ड सोडून नर्स बाहेर जाणार नाही, यंत्रही जाणार नाही.

विभागप्रमुख बाईंना सगळे पाठीमागे दशांश म्हणत, कारण पूर्णांकावर त्यांचा म्हणून विश्वासच नव्हता. त्या नकाशासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"बायकांपेक्षा पुरुष थोडे जास्त, साठीच्या पुढे जास्त. हे ठीक, असंच असतं," त्या म्हणाल्या. "टेकडीकडे बंगल्यांच्या वॉर्डात गडद रंग, कारखान्यांकडे फिका. हेही मला कळतं. आजार काही पगार विचारून घरात शिरत नाही. टेकडीवर मज्जातंतूंचे डॉक्टर आहेत म्हणून तिथे आजाराला नाव मिळतं. इकडे माणूस न्यूमोनियानं गेला की न्यूमोनिया लिहून मोकळे. पण फिका वेगळा आणि पांढरा वेगळा. हा पुलापलीकडचा वॉर्ड बघ. एवढी वस्ती, एवढ्या वर्षांच्या नोंदी, आणि एक नाही? एकसुद्धा?"

"तिथे घरी मेलेल्यांचे बहुतेक दाखले एकाच डॉक्टरच्या सहीचे आहेत," मधली म्हणाली.

"कोण हा महाभाग?"

"माझे वडील."

दशांशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावायचं की नाही हे त्या अवधीत त्यांनी ठरवलं असावं. मग म्हणाल्या, "सही करणाऱ्या डॉक्टरनं लिहून दिलं की मूळ आजाराची ओळ रिकामी राहिली होती, तर जुनी नोंद दुरुस्त होते. दुसऱ्या कुणाला ते करता येत नाही. महिनाअखेर अहवाल जाईल. त्याच्या आत जमलं तर बघ."

मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते लिहायचं, खालच्या ओळीत ते कशामुळे झालं ते. मधलीचे वडील वरची ओळ वळणदार अक्षरात भरत आणि खालची कोरी सोडत. चाळीस वर्षं हीच पद्धत. मधलीला हे नवीन नव्हतं. पण घरातला माणूस एखादी गोष्ट चुकीची करतो हे ठाऊक असणं वेगळं, आणि त्या चुकीचा भिंतीवर ठिपका पडलेला बघणं वेगळं. इथे तर अख्खा वॉर्डच पांढरा पडला होता.

त्या रविवारी ती माहेरी गेली.

खाली दवाखाना आणि वर घर. वडिलांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची, म्हणून मुलीही डॉक्टरच म्हणत. जिन्याच्या तोंडाशी किल्लीवाले काकांचं खोपटं होतं. काका म्हणजे अशी असामी की शाळकरी मधलीनं दप्तराचं कुलूप दाखवलं, तर न बघता नुसतं कानाशी खुळखुळवून किल्ली काढून द्यायचे. आता ते स्टुलावर बसून होते आणि कानशीचं चाक काकू फिरवत होत्या. काकांचे दोन्ही हात मांडीवर पडलेले, जणू कुणी दुसऱ्यानंच आणून ठेवले असावेत. मान हलवून ते सांगत, अजून घास, बास, आता वळव. पूल ओलांडून शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांना नेऊन आजाराचं नाव काढून आणलं होतं, तेही डॉक्टरांनीच.

"झोप लागते का काका?" मधलीनं विचारलं.

काका काहीतरी बोलले. शब्द ओले आणि एकमेकांना चिकटलेले. काकूंनी सांगितलं, "म्हणतायत, खुर्चीला लागते, मला नाही. आडवं झालं की जीव घाबरा होतो गं यांचा. रात्रभर बसून असतात, आणि सकाळी डोकं असं दुखतं की विचारू नकोस. ते यंत्र म्हणतात ना, ते विकत घेणं काही आपल्या आवाक्यातलं नाही. डॉक्टर म्हणाले, सरकारी येणार आहेत. येणार आहेत ना?"

"बघते," मधली म्हणाली, आणि वर गेली.

वर गेल्या गेल्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे कॉफीची बरणी पुढे केली. हा या घरातला जुना चावटपणा होता. मुलगी आली की कॉफी, आणि कॉफी हवी तर बरणी तिनं उघडायची. झाकण डॉक्टर असं आवळून ठेवत की खुद्द पैलवानालाही घाम फुटावा. मुली कुरकुरत, शिव्या घालत, उघडत. डॉक्टर "शाब्बास" म्हणत आणि मग स्वतः कॉफी करत. जावयांना कधी उघडू दिली नाही. मोठीचा नवरा एकदा आपणहून पुढे झाला, तेव्हा त्याच्या हातातून काढून घेतली होती. धाकटी परदेशातून वर्षातून एकदा यायची, तर तिच्यासाठी म्हणे आदल्या दिवसापासून झाकण आवळून ठेवलेलं असे.

मधलीनं उघडली.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले, आणि पाणी उकळायला गेले. "मोठी आली होती का गं तुझ्याकडे?"

"फोन आला होता. म्हणत होती, डॉक्टरांना म्हातारचळ लागलाय. मागच्या महिन्यात आठवडाभर रोज फोन करून विचारत होते म्हणे, आज काय शिवलंस, किती शिवलंस. तुम्हाला कधीपासून शिवणाचं वेड?"

"बापानं चौकशी करू नये का?" डॉक्टर आतूनच म्हणाले.

भिंतीवर तिघी बहिणींचा फोटो होता. तिघींचे केस कानापर्यंत कापलेले, तिघी रडवेल्या. आईला एके दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक; म्हणाली, मला वेण्या घालायचा कंटाळा आलाय, आणि तिघींना रांगेनं केस कापायला पाठवलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी आई गेली. छातीत कफ झाला, असं मुलींना सांगितलं होतं. धाकटी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तो फोटो बघून बहिणी अजून हसत. मोठी म्हणायची, आमच्या घरात फॅशन सगळ्यांच्या आधी आली.

कॉफी पुढ्यात आली तशी मधलीनं विषय काढला. पांढरा वॉर्ड, तीन केंद्रं, खाली बसलेले काका. डॉक्टर ऐकत होते आणि चमच्यानं कप ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती.

"माणसाला शेवटी जे झालं ते मी लिहिलं," ते म्हणाले. "न्यूमोनिया झाला होता. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"आणि खालची ओळ?"

"खालची ओळ कोण वाचतं?"

"मी वाचते, डॉक्टर. तेच माझं काम आहे."

हे त्यांना लागलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "तू ऑफिसात बसून वाचतेस गं. मी त्यांच्या घरात उभा असायचो. समोर माणूस गेलेला, कोपऱ्यात लग्नाच्या मुली. घरच्यांनी हात धरून सांगायचं, डॉक्टर, नसांचा आजार लिहू नका, लोक म्हणतील घराण्यात आहे. आता दहांतल्या नऊ जणांना तो घराण्यातून येत नाही, हे मी कितीही सांगितलं तरी लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? मी शब्द दिला. एकालाच नाही, सगळ्यांना दिला. आता तो मोडू?"

"मोडू नका. परत मागून घ्या. त्यांच्या मुली आता आज्या झाल्या असतील. जाऊन विचारा, आता लिहू का? नाही म्हणाले तर राहू द्या."

डॉक्टर खिडकीशी गेले. खालून कानशीच्या चाकाचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मग ते म्हणाले, "चप्पल घाल."

पहिलं घर पेंटरचं. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याची सुरुवात जिभेपासून झाली होती. बोलणं अडखळायला लागलं, तशी दुकानदारांनी कामं देणं बंद केलं. दारुड्याच्या हातात शिडी आणि ब्रश कोण देणार? त्यानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको आता सत्तरीच्या घरात होती. तिनं दोघांना बसवलं, पंखा लावला, आणि डॉक्टर बोलत होते तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. डॉक्टर नेहमी मुद्द्याचं बोलणारे, पण आज गाडी सारखी घसरत होती. शेवटी एकदाचं त्यांनी विचारलं, आता खरं लिहू का?

"आता विचारताय होय?" पेंटरची बायको म्हणाली. "माणूस दारुडा म्हणून मेला, डॉक्टर. मुलीच्या लग्नापायी तेव्हा मीच तुमचे पाय धरले, ते मी नाकारत नाही. पण नंतर कितीदा वाटलं, कुठेतरी कागदावर तरी राहायला हवं होतं की हा आजारी होता, पिणारा नव्हता."

"म्हणजे लिहू?"

"लिहा की. पण आधी तुमच्या घरचं लिहा." ती मधलीकडे वळली. "काय गं मधले, बरोबर की नाही? तुझ्या आईचंही न्यूमोनियाच लिहिलं ना यांनी? डॉक्टरीणबाईंनी तर दोन वर्षं काढली. आमच्या ह्यांच्याआधी सहा महिने गेल्या. मी जायची की त्यांना भरवायला, मुली शाळेत असताना."

मधलीनं वडिलांकडे पाहिलं. डॉक्टर पंख्याकडे बघत होते.

पेंटरची बायको एकीकडून दुसरीकडे बघायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवून ती म्हणाली, "अगं बाई. पोरींना माहीतच नाही?"

सगळ्या गल्लीला माहीत होतं. किल्लीवाल्यांना, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला. माहीत नव्हतं ते तिघी बहिणींना, आणि त्यातली एक तर शहरभरच्या या आजाराच्या मृत्यूंची मोजदाद करायला बसली होती. जगाच्या आया मोजल्या आणि स्वतःची मोजायची राहिली. मधलीला स्वतःचा इतका संताप आला की वडिलांवर रागवायला शिल्लकच राहिला नाही. वेण्यांचा कंटाळा! आई कपड्यांना बटणं मोठी लावायची, पेला दोन्ही हातांनी धरायची, मग नळीनं प्यायला लागली, मग आवाज बारीक झाला. प्रत्येक गोष्ट तिला आठवत होती. नुसती एकाखाली एक मांडली असती तरी उत्तर आलं असतं. परक्या माणसाच्या कागदावर तिनं ते बघता बघता मांडलं असतं.

दोघं तशीच घरी परतली. जिन्यात काकूंनी काहीतरी विचारलं, ते दोघांच्या कानात शिरलं नाही. वर आल्यावर मधली टेबलाशी बसली.

"मी आता चाळिशी ओलांडली, डॉक्टर. एकदासुद्धा सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग?"

"तुझ्या आईनं बजावलं होतं." डॉक्टर समोर बसले. "बोलणं जवळजवळ गेलं होतं तिचं. एक वाक्य बोलायला दम लागायचा. म्हणाली, पोरींना सांगायचं नाही. कळलं तर जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसतील. शिवताना बघतील, लिहिताना बघतील, मूल उचलताना बघतील. मी म्हटलं, अगं, मुलींना येईलच असं नाही, बहुतेक वेळा येतच नाही. ती म्हणाली, येईलच असं नाही म्हणजे येणारच नाही असंही नाही ना? डॉक्टरची बायको. तिला काय शिकवणार? मी म्हटलं, मग कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

"मग?"

"म्हणाली, तुम्ही बघा."

टेबलावर कॉफीची बरणी होती. सकाळी मधलीनं उघडली होती आणि डॉक्टरांनी पुन्हा आवळून ठेवली होती. मधली तिच्याकडे बघत राहिली. जावयाच्या हातातून काढून घेतलेली बरणी. धाकटीसाठी आदल्या दिवसापासून आवळलेली बरणी. इतक्या वर्षांतल्या शिव्या, हसणं, आणि दर वेळचं ते "शाब्बास".

"म्हणून ही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. डॉक्टरांना रडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे चाळीस वर्षांच्या सरावानं चांगलं ठाऊक होतं, पण स्वतःच्या मुलीपुढे ते सगळं विसरून गेले आणि नुसतेच बसून राहिले.

मोठीला सांगणं भाग होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी तावातावानं आली, पर्स सोफ्यावर फेकली आणि पाणीसुद्धा न पिता सुरू झाली.

"आत्ताच हे उकरून काढायचं होतं? पंधरा दिवस थांबला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मुलाकडची माणसं नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत देताय! आणि काय गं मधले, तुझ्या नकाशात एक ठिपका कमी पडला तर खातं बंद पडणार आहे का?"

"पंधरा दिवसांत अहवाल जाईल, ताई. आपल्या घरचं लिहिल्याशिवाय गल्लीत कुणी लिहू देणार नाही, आणि कुणी लिहू दिलं नाही तर इथे केंद्र होणार नाही. खाली काका बसून झोपतायत."

"काकांबद्दल मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण मला माझ्या मुलीचं बघायला नको? डॉक्टर, तुम्ही तरी बोला की! आईनं नाही सांगितलं तर तुम्ही सांगायचं होतं. एवढी वर्षं तोंड मिटून बसलात, आणि ती बरणी, शी, मला तर तिच्याकडे बघवत नाही आता." ती एकदम थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या महिन्यात मला उघडत नव्हती. तीनदा हात निसटला. माझे हात ओले होते. मी नुकतीच भांडी घासली होती."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे नंतर कळलं. तू घरी गेल्यावर ओट्यावर पाणी सांडलेलं दिसलं. पण ओट्यावर पाणी होतं म्हणून हात ओलेच होते, असं थोडंच? आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही."

"म्हणून ते रोजचे फोन? शिवणाचे?"

"सुईत दोरा कोण ओवतं, हे विचारायचं होतं. कसं विचारू कळेना."

मोठी सोफ्यावर बसली, आपल्याच पर्सवर. तिचा सगळा ताव उतरला होता. बराच वेळ ती हात मांडीवर पसरून बोटं उघडत मिटत राहिली, आणि मग ते लक्षात येऊन तिनं हात पाठीमागे घेतले. आईला नेमकं हेच नको होतं.

"मीच ओवते," ती म्हणाली. "चष्मा न लावता." मग नाक पुसून, पुन्हा नेहमीच्या आवाजात, "लिहा. मुलाकडच्यांना मी सांगेन. डॉक्टरांच्या घरातल्या मुलीला आज्जीचा आजार तोंडानं सांगता येतो एवढंही त्यांना झेपत नसेल, तर पुढे आमची पोर त्यांना काय झेपणार आहे? धाकटीला पण मीच फोन करते. ती आधी अर्धा तास रडेल, मग हो म्हणेल. तिचं ठरलेलं आहे."

धाकटी तासभर रडली. मग हो म्हणाली.

दुरुस्तीच्या अर्जांतला पहिला अर्ज डॉक्टरांनी बायकोचा भरला. मूळ आजार या ओळीत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, कुठेही आखूड न करता, त्याच वळणदार अक्षरात. आपल्या सहीखाली नेहमी ते पदवी लिहीत. या वेळी पदवीच्या आधी, रकाना नसताना, "पती" असं लिहिलं. दशांशबाईंनी पुढे तो अर्ज वाचला तेव्हा रकान्याबाहेरच्या मजकुराबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांना ओळखणाऱ्यांना याचं महत्त्व कळेल.

मग पेंटरचा झाला. नंतरचे आठ-दहा दिवस बाप आणि लेक गल्लोगल्ली हिंडले. आपल्या घरचं आधी लिहून आलो, एवढं एक वाक्य डॉक्टर दारातच सांगत, आणि पुढचं बोलणं सोपं होई. सगळेच हो म्हणाले असं नाही. एका घरात तर दार अर्धंच उघडलं आणि लगेच मिटलं. डॉक्टर त्या दाराला नमस्कार करून परत फिरले. त्यांनी दिलेला तो शब्द तसाच राहिला, आणि नकाशातही तेवढी जागा खोटी राहिली. मधलीनं हुज्जत घातली नाही.

अहवाल जायच्या आदल्या दिवशी तिनं पुलापलीकडच्या वॉर्डात रंग भरला. तो टेकडीकडच्यापेक्षाही गडद निघाला. दशांशबाई बघून म्हणाल्या, "एवढं एका डॉक्टरनं ओळखलं आणि जपलं. बाकीच्या फिक्या वॉर्डांत तर ओळखणारंही कुणी नसेल." अहवालात त्यांनी तेच जरा सरकारी भाषेत लिहिलं. तिसरं केंद्र पुलापलीकडे आलं.

यंत्र आलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा काकूंना खुणेनं ते कानाशी धरायला लावलं. आत कसा आवाज येतो ते ऐकून मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मधली जिन्यात भेटली तेव्हा काकू म्हणाल्या, "आडवे झोपतात गं आता. मीही झोपते." काका बरे होणार नव्हते. ते सगळ्यांना माहीत होतं, काकांना सगळ्यात आधी. पण सकाळचं डोकं दुखणं थांबलं होतं, आणि किल्ली बिघडली की काकूंना ते पुन्हा पूर्वीसारखे डोळ्यांनी झापत होते.

मधली वर गेली. टेबलावर बरणी नव्हती. डॉक्टरांनी ती कपाटात, मागे ठेवली होती.

"राहू दे आता ते," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कळलंय, आता कसली मजा. मी कॉफी काढून ठेवलीय वाटीत."

"द्या इकडे."

त्यांनी काढून दिली. मधलीनं डावा हात बरणीला लावला, उजवा झाकणावर ठेवला. हजार वेळा केलेलं काम. पण आज तिला आपल्या अंगठ्याखालचा उंचवटा दिसला, या आजारात पुष्कळांचा झिजतो तो, आणि तो पूर्वी एवढाच होता की जास्त होता हे आठवेना. तिनं पिळलं. झाकण हललं नाही. कपाळावर घाम आला, आणि समोर डॉक्टर उभे होते, तोंडावर तेच खोडकर हसू घेऊन, जे ती लहानपणापासून बघत आली होती. त्या हसण्यामागे काय असायचं ते तिला या क्षणी समजलं. तिनं पुन्हा जोर लावला. झाकण कर्रकन फिरलं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला. दर वेळी सुटत असणार. तिघींच्या वेळी, इतकी वर्षं, आणि त्यानंतर लगेच वळून पाणी उकळायला ठेवायचं, म्हणजे तोंड दिसू नये. ही भीती या माणसानं एकट्यानं घरात सांभाळली होती. तिला फार वाईट वाटलं, आणि फार माया आली.

तिनं कॉफी काढून घेतली. मग झाकण लावलं, डॉक्टर आवळायचे तसं, सगळा जोर लावून, आणि बरणी टेबलावर नेहमीच्या जागी ठेवली. पुढच्या रविवारी मोठी यायची होती.

"मीही येते त्या दिवशी," मधली म्हणाली. "तिच्या वेळी मी बघेन. तुम्ही नुसती कॉफी करा."